आकडा दाखवलात तर फासाही तोच टाका

टर्न-बेस्ड स्ट्रॅटेजी गेम, म्हणजे आळीपाळीने चाल करायचे डावपेचांचे गेम, खेळणाऱ्या कुणालाही विचारा की बाबा तू सगळ्यात जास्त शिव्या कशाला घातल्यास, उत्तर जवळपास ठरलेलं असतं: स्क्रीनवर ९० टक्के लिहिलेला आणि तरीही मिस गेलेला शॉट. समोर दोन पावलांवर एलियन उभा, बंदूक त्याच्या छातीला टेकलेली, आणि आपला सोल्जर मागच्या भिंतीला भोक पाडतो. मग माणूस वैतागून म्हणतो हा गेम चीटिंग करतो. आणि खरी गंमत अशी की त्याचा संशय बऱ्याचदा बरोबर असतो, फक्त दिशा चुकलेली असते. गेम चीटिंग करतोच, पण त्याच्याच बाजूने करतो, आणि ते त्याला कळू नये याची नीट काळजीही घेतो.

या विषयावर बोलताना लोक "हिडन मेकॅनिक्स" म्हणतात आणि त्यात सगळंच कोंबतात. शत्रूचा पुढचा प्लॅन दिसत नाही तेही हिडन, लेव्हल-अपला कुठला स्टॅट वाढणार हे प्रत्येक पात्राच्या ठरलेल्या टक्केवारीवर चालतं पण ती टक्केवारी कुठेच दिसत नाही तेही हिडन, आणि स्क्रीनवर ७५ लिहून आत ८८ च्या आसपासचा हिशोब चालतो तेही हिडनच. पहिल्या दोन गोष्टींबद्दल माझी काही तक्रार नाही, त्या नसतील तर अर्धी मजा जाईल. तिसरीबद्दल मात्र आहे आणि मोठी आहे, कारण तिथे सरळ चुकीचं लिहिलेलं आहे. गेमने आकडा दाखवायचा की नाही हा बनवणाऱ्याचा प्रश्न, पण एकदा दाखवला की फासा त्याच आकड्याचा पडला पाहिजे, मग तो खोटेपणा माझ्या फायद्याचा का असेना.

आधी हे आत चालतं कसं ते बघू, कारण बरेच जण "काहीतरी ॲडजस्ट करतात" एवढ्यावर सोडून देतात. सगळ्यात स्वच्छ उदाहरण फायर एम्ब्लेमचं. १९९० मध्ये निन्टेन्डोच्या फॅमिकॉमवर सुरू झालेली सिरीज, आणि पात्र मेलं की कायमचं गेलं हा तिचा प्रसिद्ध नियम. सुरुवातीच्या गेम्समध्ये हिशोब सरळ होता, एक रँडम नंबर काढायचा, तो हिटच्या, म्हणजे वार लागण्याच्या दाखवलेल्या, आकड्यापेक्षा लहान असेल तर वार लागला, नाहीतर हुकला. २००२ मध्ये गेम बॉय ॲडव्हान्सवर सिरीज आली तेव्हापासून मात्र गेम एकाऐवजी दोन नंबर काढायला लागला, ० ते ९९ मधले, आणि त्यांची सरासरी बघायला लागला. ऐकायला बारीकसा बदल वाटतो पण कागद घेऊन बसा. दोन नंबरांच्या एकूण १०,००० जोड्या होतात. हिट ९० असेल तर वार हुकायला सरासरी ९० किंवा त्याच्या वर जायला हवी, म्हणजे दोन्ही नंबरांची बेरीज किमान १८० हवी, आणि अशा जोड्या १०,००० मध्ये आहेत फक्त १९०. म्हणजे हुकण्याची शक्यता १० टक्के नाही, १.९ टक्के. ९० लिहिलेला वार खरं तर ९८.१ टक्के वेळा लागतो. ८० लिहिलेला ९२.२, ७० लिहिलेला ८२.३. आणि ५० च्या खाली सगळं उलटं फिरतं: ३० चा होतो १८.३, २० चा ८.२ आणि १० चा जेमतेम २.१.

मग यात वाईट काय, आपले वार जास्त लागतात ना, असं वाटेल. पण नियम शत्रूलाही तोच आहे. एखादा चपळ तलवारवाला आहे, त्याच्यावर शत्रूचा हिट २० दिसतोय, तर तुम्ही साधा विचार करणार की पाचातला एक वार बसेल, चार-पाच शत्रूंच्या मधे याला सोडला तर एकदा तरी लागणार, नको, मागे ठेवू. प्रत्यक्षात बारातला एक बसणार आहे. म्हणजे चपळ पात्रं कागदावर दिसतात त्यापेक्षा खूपच दणकट निघतात, आणि जाड चिलखत घातलेला जनरल, जो बिचारा येईल तो वार अंगावर घेतो, त्याला या जादूचा काहीच उपयोग नाही. कोणाला पुढे काढायचं, कोणाला एक्सपी (अनुभवाचे पॉइंट) खाऊ घालायचा, कोणाला बेंचवर बसवायचं हे सगळे निर्णय तुम्ही त्या छापलेल्या आकड्यावरून घेता. आणि स्ट्रॅटेजी गेममध्ये निर्णय सोडून असतं काय दुसरं, ॲनिमेशन तर दहाव्या लढाईनंतर सगळेच स्किप करतात.

अजून एक बारकावा, जो मला सगळ्यात जास्त खटकतो. त्याच खिडकीत हिटच्या शेजारी क्रिटचा, म्हणजे जास्तीचं नुकसान करणाऱ्या जबर वाराच्या शक्यतेचा, आकडा असतो. तोच फॉन्ट, तोच आकार, त्याच ओळीत. पण क्रिटसाठी गेम एकच नंबर काढतो, सरळ हिशोब. म्हणजे शेजारी शेजारी दोन आकडे छापलेत, एकाचा फासा खरा, एकाचा गुळगुळीत केलेला, आणि कुठला कुठला हे ओळखायची काहीही सोय नाही. हिट १० असेल तर तो खरं तर २ आहे पण क्रिट १० असेल तर तो १० च आहे. कोणी म्हणेल की त्या जुन्या गेम्समध्ये नुसता आकडा असायचा, टक्क्याची खूण नव्हती, त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या खोटं कोणी बोललंच नाही. हा वकिली मुद्दा झाला. ० ते १०० मधला हिटचा आकडा बघून जगातला कुठला खेळाडू टक्के सोडून दुसरं काही समजेल?

हां, बनवणाऱ्यांच्या बाजूने एक मुद्दा मात्र खरोखर वजनदार आहे आणि तो सहसा कोणी मांडत नाही. लोक म्हणतात मग ९८ च छापा ना, संपला विषय. तसं करता येत नाही सहज, कारण या गेममधली सगळी गणितं बेरीज-वजाबाकीची आहेत. ही तलवार हिटला १० देते, त्या झुडपात उभं राहिलं की शत्रूचे २० कमी होतात, हे खेळाडू डोक्यात करू शकतो. खरा टक्का छापला तर तीच तलवार कधी १४ देईल, कधी ५, आणि कधी अर्धा टक्का, आणि डोक्यातला हिशोब बंद पडेल. हे मला पटतं. पण याचा उपायही अवघड नाही, रेटिंग म्हणून एक आकडा ठेवा आणि वार करायच्या आधीच्या खिडकीत त्याखाली बारीक अक्षरात खरी शक्यता द्या. स्क्रीन तेव्हा छोटी होती मान्य, आता नाहीये. आणि हे प्रकरण एका सूत्रावर थांबलेलंही नाही, याच सिरीजच्या २०१५ च्या फेट्समध्ये ५० च्या खाली सरळ एकच नंबर आणि वर वेगळंच मिश्रण, म्हणजे एका गेममध्ये अंगात मुरलेला अंदाज पुढच्या गेममध्ये कुचकामी, आणि हे सांगणारी एक ओळसुद्धा गेममध्ये नाही.

फायर एम्ब्लेम निदान सगळ्यांशी सारखं खोटं बोलतो. एक्सकॉम २ त्याच्या पुढे जातो. फिरॅक्सिस कंपनीचा, एलियन्सशी लढायचा हा गेम २०१६ चा. त्यात खालच्या डिफिकल्टीवर आत एक मदतनीस बसवलेला आहे: दाखवलेली शक्यता ५० च्या वर असेल तर ती गुपचूप वाढवली जाते, लागोपाठ मिस गेले की पुढच्या शॉटला अजून बोनस, आणि हे सगळं ९५ ला नेऊन थांबतं. शिवाय तुमचे सोल्जर पडायला लागले की एलियन्सचा नेम बिघडतो. सगळ्यात वरच्या लेजेंड डिफिकल्टीवर यातलं काही नाही. गेमचे मुख्य डिझायनर जेक सॉलोमन यांनी हे उघडपणे मान्यही केलं आहे, त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की खेळाडूला तो आकडा जसा वाटतो तसं त्याच्याशी गेमने वागावं म्हणून हे केलं. मॉड करणाऱ्यांना, म्हणजे गेममध्ये स्वतः बदल करणाऱ्यांना, हे गेमच्या साध्या टेक्स्ट फाइलमध्येच सापडतं, म्हणजे कंपनीने फार तिजोरीत वगैरे ठेवलेलं नव्हतं. पण ज्या माणसाने गेम विकत घेतला आणि सरळ खेळायला बसला त्याच्यासाठी स्क्रीनवर काय आहे? ७० टक्के. आणि आत काय आहे ते त्याने आधीचे किती शॉट घालवले त्यावर अवलंबून.

आता याचा परिणाम बघा. असा माणूस खालच्या डिफिकल्टीवर पूर्ण गेम खेळतो, त्याच्या डोक्यात ७० टक्के म्हणजे साधारण किती भरवशाचं याचा एक अंदाज बसतो, मग हौसेने लेजेंडवर जातो आणि तिथे ७० म्हणजे ७० च. त्याला वाटतं वरच्या लेव्हलवर गेम आपल्याविरुद्ध फासे फिरवतोय. खरं तर तिथे पहिल्यांदा गेम त्याच्याशी प्रामाणिक वागतोय. खोटं बोलून मिळवलेला विश्वास नेमका खरं बोलायला लागल्यावर तुटतो, आणि शिव्या मात्र खऱ्या आकड्याला बसतात.

या सगळ्याचं तत्त्वज्ञान ज्याला म्हणता येईल ते सिव्हिलायझेशन या गेम्सचे जनक सिड मायर यांनी २०१० च्या जीडीसी या गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेतल्या भाषणात फार गमतीशीर पद्धतीने सांगितलं होतं. सिव्हिलायझेशन रिव्होल्यूशन हा २००८ चा गेम, त्यात लढाईआधी दोन्ही बाजूंची ताकद दाखवायचे. टेस्ट करणाऱ्या लोकांना ३ विरुद्ध १ अशी लढाई हरलेली अजिबात चालायची नाही, चारातली एक हरणारच हे गणित सांगून उपयोग नाही, कारण ३ म्हणजे मोठा ना. पण तेच लोक १ विरुद्ध ३ अशी लढाई जिंकले की गप्प, तेव्हा कोणी तक्रार घेऊन येत नाही, तेव्हा आपण शूर असतो. २ विरुद्ध १ हरलेलं एकवेळ चालतं, पण २० विरुद्ध १० हरलेलं नाही चालत, प्रमाण तेच असलं तरी. आणि लागोपाठ दोनदा हरलं तर मग संपलंच. शेवटी त्यांनी काय केलं तर आतलं गणित लोकांच्या भावनेप्रमाणे वाकवलं, आधी हरला असशील तर पुढची लढाई थोडी सोपी.

मला हे भाषण आवडतं, त्यातलं निरीक्षण शंभर टक्के खरं आहे. निष्कर्ष मात्र पटत नाही. माणसाला शक्यतेचं गणित नीट जमत नाही हे खरं, पण मग गेमने ते शिकवायचं का त्याच्या चुकीला कुरवाळायचं? जरा विचार करा, शक्यता हातात घेऊन, शेकडो वेळा, लगेच निकाल बघत वापरायची अशी जागा माणसाच्या आयुष्यात दुसरी कुठे आहे. पावसाचा अंदाज दिवसातून एकदा येतो. गेममध्ये तासाभरात पन्नास फासे पडतात. ९० टक्क्यांचे पाच शॉट मारायचे असतील तर पाचही लागायची शक्यता ५९ टक्के आहे, म्हणजे पाचातला एखादा तरी हुकणं हे जवळपास नाणं उडवण्यासारखं कॉमन आहे. ९५ चे वीस शॉट मारा, एक तरी हुकायची शक्यता ६४ टक्के. हे वाचून डोक्यात बसत नाही, मारून मारून बसतं. आणि नेमकं तिथेच आपण फासा गुळगुळीत केला, तर खेळाडू काय शिकतो? ९० म्हणजे नक्की. मग पुढच्या गेमचा डिझायनर म्हणतो बघा, लोकांना ९० म्हणजे नक्कीच वाटतं, आता आपल्यालाही तसंच करावं लागेल. हे चक्र आहे आणि ते गेम्सनीच फिरवलंय निम्मं.

आणि एक मजा, दोन नंबरवाल्या हिशोबात ९० च्या शंभर शॉटमागे दहा मिस अपेक्षित असताना दोनच पडतात, एवढा मोठा फरक, पण त्याची तक्रार कोणी केली? माझे वार जास्तच लागताहेत, काहीतरी गडबड आहे, असं कोण म्हणतं. लोकांनी गेमचा कोड उकलून बघितला तेव्हा ते बाहेर आलं, खेळताना नाही. म्हणून "कोणाची तक्रार नव्हती" या युक्तिवादाला मी काडीची किंमत देत नाही.

आता लपवण्याची दुसरी बाजू, जिथे मी पूर्णपणे डिझायनरच्या बाजूने आहे. सिव्हिलायझेशन ६ मध्ये प्रत्येक नेत्याचा एक अजेंडा उघड असतो आणि एक लपलेला, आणि तो लपलेला काढायला तुम्हाला त्याच्या राज्यात व्यापारी पाठवावे लागतात, राजदूत ठेवावा लागतो, हेर लावावे लागतात. हे लपवणंच खेळ आहे, माहितीला किंमत आहे आणि ती मिळवायचा रस्ता गेममध्येच आहे. किंवा सीडचं घ्या, म्हणजे ज्यावरून गेमचे रँडम नंबर ठरतात तो सुरुवातीचा आकडा. बऱ्याच गेम्समध्ये रँडम नंबरांची रांग आधीच ठरलेली असते आणि सेव्हमध्ये साठवली जाते, त्यामुळे मिस गेल्यावर लोड करून तोच शॉट परत मारला की परत मिसच. पहिल्यांदा हे बघणाऱ्याला वाटतं गेम हट्टाने आपल्याला मारतोय, पण यात आकडा खोटा नाही, ९० चा फासा एकदाच पडला आणि तो पडून गेला, तुम्ही फक्त तेच पान परत उघडताय. आणि ज्यांना ते नको असेल त्यांच्यासाठी सिव्हिलायझेशन ४ मध्ये लोड केल्यावर नवा सीड घ्यायचा पर्याय नवीन गेम सुरू करतानाच दिलेला होता. २०१३ च्या एक्सकॉम: एनिमी विदिनमध्येही तसा पर्याय होता आणि त्याचं नावच सेव्ह स्कम ठेवलं होतं, म्हणजे चीटिंग करायचीय ना, कर बाबा, पण स्वतः टिक कर.

हा "स्वतः टिक कर" मुद्दा महत्त्वाचा आहे. काही लोक घड्याळ मुद्दाम दहा मिनिटं पुढे लावून ठेवतात, आणि ते त्यांना उपयोगी पडतं कारण त्यांना माहीत असतं की ते पुढे आहे आणि कोणी लावलं. तेच घड्याळ दुसऱ्याने न सांगता पुढे केलं तर आपण त्याला मदत म्हणत नाही. नेमाला मदत हवी असेल तर सेटिंग्जमध्ये "नेमाला मदत" असं नाव देऊन ठेवा की. नवीन माणूस खुशीने चालू ठेवेल, त्यात लाज कसली. ती लपवण्यामागे खरं कारण खेळाडूचा इगो आहे, त्याला कळू द्यायचं नाही की तू एकट्याने जिंकला नाहीस. हे मला खेळाडूला लहान मूल समजण्यासारखं वाटतं.

शिवाय जिथे खरी माहिती नसते तिथे अफवा राहायला येतात. सिव्हिलायझेशनमधल्या गांधींची गोष्ट तर ज्यांनी गेम पाहिलाही नाही त्यांनाही माहीत असते: १९९१ च्या पहिल्या गेममध्ये गांधींची आक्रमकता १ होती, लोकशाही आली की सगळ्यांची २ ने कमी व्हायची, १ मधून २ गेले की उणे एक, पण त्या मेमरीत उणे बसत नाही म्हणून आकडा फिरून थेट २५५, आणि मग अहिंसेचे पुजारी अणुबॉम्ब टाकत सुटतात. इतकी सुबक गोष्ट की खोटी वाटतच नाही, प्रोग्रॅमिंग शिकवणारे उदाहरण म्हणून द्यायचे. सिड मायर यांनी २०२० च्या आत्मचरित्रात स्पष्ट लिहिलं की असा बग नव्हताच. पहिल्या गेममध्ये गांधी इतर नेत्यांसारखेच वागायचे, फक्त त्यांच्या तोंडून अणुबॉम्बची धमकी आली की ती लक्षात राहायची. गंमत बघा, पुढे २०१० च्या सिव्हिलायझेशन ५ मध्ये गांधींचा अणुबॉम्बचा कल विनोद म्हणून मुद्दाम खूप वर ठेवला गेला. आक्रमकतेचा तो आकडा खेळाडूला दिसत असता तर ही गोष्ट एका संध्याकाळीही टिकली नसती.

आणि कधीकधी तर बनवणाऱ्यांनाच पत्ता नसतो. १९९४ चा मूळ एक्स-कॉम, डॉसवरचा, त्यात एक बग होता की तुम्ही डिफिकल्टी काहीही निवडा, गेम थोड्याच वेळात गुपचूप ती सगळ्यात सोप्या पातळीवर नेऊन ठेवायचा. लोक सगळ्यात अवघड पातळी निवडून खेळत होते आणि सोप्यात सोपा गेम जिंकत होते, आणि वर तक्रार करत होते की अवघड पातळी पुरेशी अवघड नाही. बनवणाऱ्यांनी ते मनावर घेतलं आणि १९९५ चा पुढचा भाग, टेरर फ्रॉम द डीप, जाणूनबुजून जास्त खडतर केला. एका न दिसणाऱ्या आकड्यामुळे पुढचा अख्खा गेम वेगळा झाला. स्क्रीनच्या कोपऱ्यात चालू डिफिकल्टीचं नुसतं नाव असतं तरी पहिल्याच आठवड्यात कोणीतरी ओरडलं असतं.

कॉम्प्युटरला मिळणाऱ्या बोनसबद्दल मी जास्त बोलत नाही, कारण तिथे लोकांचा राग मला थोडा अनाठायी वाटतो. सिव्हिलायझेशन ६ च्या सगळ्यात अवघड डीटी पातळीवर एआय तीन सेटलर (नवी शहरं वसवणारे) घेऊन सुरुवात करतो आणि तुम्ही एक, त्याला प्रॉडक्शन आणि सोनं ८० टक्के जास्त मिळतं. करू द्या, एआय तेवढा हुशार नाही म्हणून त्याला रसद दिली आहे, तुम्ही अवघड मागितलं आणि तुम्हाला अवघड मिळालं. फक्त हे आकडे डिफिकल्टी निवडताना समोर मांडा, लोकांना गेमच्या फाइल्स उघडून काढायला लावू नका.

कारण फाइल्स उघडणं सगळ्यांना जमत नाही, आणि इथून हा प्रश्न "मजा" च्या बाहेर जातो. लपवलेली माहिती खऱ्या अर्थाने लपलेली राहतच नाही, ती फक्त काही लोकांकडे जाते. ज्याला इंग्रजी विकी वाचायला वेळ आहे, ज्याला कोष्टकं कळतात, तो एक गेम खेळतो आणि उरलेले दुसराच. एकट्याने खेळताना ठीक आहे, पण समोरासमोर खेळायची वेळ आली की हा सरळ अन्याय आहे. पोकेमॉन काटेकोरपणे स्ट्रॅटेजी गेम नाही पण टर्न-बेस्ड आहे आणि याचं सगळ्यात मोठं उदाहरण आहे. प्रत्येक पोकेमॉनच्या आत प्रत्येक स्टॅटसाठी ० ते ३१ मधला एक जन्मजात आकडा, वर ट्रेनिंगचे पॉइंट, एकूण ५१० ची मर्यादा, आणि कित्येक वर्षं यातलं काहीही स्क्रीनवर नाही. स्पर्धेत उतरणारी पोरं कॅल्क्युलेटर घेऊन बसायची आणि नवीन आलेला विचार करायचा की माझा त्याच लेव्हलचा तोच पोकेमॉन याच्यापुढे लंगडा का पडतो. २०१३ च्या एक्स आणि वाय मध्ये ट्रेनिंगचे पॉइंट आलेखात दाखवायला लागले, २०१६ च्या सन आणि मूनमध्ये जन्मजात आकड्यांचा अंदाज दाखवायचीही सोय आली. जादू संपली का? काही संपली नाही. उलट जास्त लोक नीट खेळायला लागले.

प्रामाणिक गेम चालत नाहीत असं कोणी म्हणत असेल तर त्याला बॅटल फॉर वेसनॉथ दाखवा. २००३ पासून चालू आहे, फुकट आहे, सगळा कोड उघडा आहे. जादूचा हल्ला असेल तर ७० टक्के, समोरचा कुठेही उभा असो, आणि ७० म्हणजे ७०. हल्ल्याआधी एक खिडकी उघडून प्रत्येक संभाव्य निकालाची शक्यता बघता येते, आणि खेळताना आतापर्यंत किती डॅमेज अपेक्षित होतं आणि किती झालं याचाही हिशोब मिळतो. तरी लोक नशिबावर बोंबलतातच, बोंबलू दे, तो माणसाचा स्वभाव आहे. पण बोंबलल्यावर हिशोब उघडून बघता येतो की खरंच नशीब फुटकं होतं का आपणच घाई केली, हा फरक आहे.

आणि ज्यांना ही बोंबाबोंब नकोच आहे त्यांनी फासाच काढून टाकावा, तेही चालतं. २०१८ चा इन्टू द ब्रीच घ्या, शत्रू पुढच्या वेळी नेमका कुठे आणि किती मारणार ते आधीच दाखवतो, तुमचे वार हुकत नाहीत, अनिश्चितता जवळपास सगळी बाहेर काढलीय आणि तरी डोकं फुटायची वेळ येते. मारियो आणि रॅबिड्सच्या २०१७ च्या गेमने तर शक्यता तीनच ठेवल्या, ०, ५० आणि १००, आडोशामागे पूर्ण, अर्धा किंवा उघडा. पन्नासला कोणी "नक्की" समजत नाही, वाद मिटला. म्हणजे खेळाडूच्या मानसिकतेचा आदर करायचे प्रामाणिक मार्ग आहेत, आकडा खोटा छापणं हा त्यातला सगळ्यात आळशी.

आता पैसे. इथे मी "डिझायनरची मर्जी" वगैरे काही ऐकून घ्यायच्या मूडमध्ये नाही. मोबाइलवर टर्न-बेस्ड गेम्सचा मोठा भाग आता गाचावर चालतो, पात्र हवं असेल तर पैसे टाकून फासा टाकायचा. जिथे पैसे आले तिथे सरकारंही जागी झाली: चीनने २०१७ मध्ये शक्यता जाहीर करणं बंधनकारक केलं, त्याच वर्षअखेरीस ॲपलने ॲप स्टोअरवर तसा नियम आणला, दक्षिण कोरियात मार्च २०२४ पासून तो कायदाच झाला. त्याआधी जानेवारीत तिथल्या फेअर ट्रेड कमिशनने नेक्सॉनला ११.६ अब्ज वॉनचा दंड ठोकला होता, मेपलस्टोरीमध्ये विकत मिळणाऱ्या वस्तूंच्या शक्यता खेळाडूंना न कळवता बदलल्या म्हणून. मेपलस्टोरी काही टर्न-बेस्ड नाही, पण आतली यंत्रणा तीच, न दिसणारा टक्का.

फायर एम्ब्लेमचंच बघा ना. २०१७ मध्ये मोबाइलवर फायर एम्ब्लेम हीरोज आला तेव्हा लढाईतला हिट-मिसचा फासा पूर्ण काढून टाकला, प्रत्येक वार लागतो. आणि पात्र काढायच्या फाशाला मात्र टक्केवारी लिहिलेली, बराच वेळ पाच स्टार मिळालं नाही तर शक्यता किती वाढली तीही दिसते. म्हणजे आत हळूहळू वाढणारी मदत खेळाडूला उघडपणे दाखवता येते, आकड्यासकट, आणि त्याने गेम बंद पडत नाही, हे याच सिरीजने करून दाखवलंय. मग तेच एक्सकॉमसारख्या गेमच्या "लागोपाठ मिस, म्हणून बोनस" बद्दल का करता येऊ नये? ७० च्या शेजारी एक छोटा अधिक दहा छापला की झालं.

लढाईतल्या फाशासाठी कायदा करा असं मी म्हणत नाही, तो मूर्खपणा होईल, एकट्याने खेळायच्या गेममध्ये सरकारचं काय काम. पण रिव्ह्यू लिहिणाऱ्यांनी फ्रेम रेट मोजायला जेवढा वेळ दिला जातो त्यातला थोडा इथे द्यावा, शंभर-दोनशे शॉट मोजून सांगावं की दाखवलेला आकडा आणि लागलेला आकडा जुळतोय का, आणि जुळत नसेल तर ते पहिल्या परिच्छेदात लिहावं. आणि बनवणाऱ्यांनी मदत ठेवायचीच असेल तर मेनूमध्ये तिला एक ओळ द्यावी, चालू किंवा बंद. मी स्वतः पहिल्या खेळीत ती बहुतेक चालूच ठेवेन.